तारे कमी पडले, ही तक्रार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शुक्रवारच्या मनोरंजन पुरवणीत एका नव्या मराठी चित्रपटाला पाचपैकी दोन तारे दिले गेले आणि पुढचे दोन आठवडे वाचकांच्या पत्रांचा स्तंभ त्या दोन ताऱ्यांनीच भरून गेला. मी मोजली, एकूण अकरा पत्रे आली. त्यांतील आठ पत्रलेखकांचे म्हणणे थोड्याफार फरकाने एकच होते : मराठी चित्रपटाला आधीच पडदे मिळत नाहीत, हिंदी आणि दाक्षिणात्य चित्रपटांपुढे त्याचा टिकाव लागत नाही, अशा वेळी मराठी वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीने तरी त्याचे पाय ओढू नयेत. एका गृहस्थांनी तर परीक्षणे लिहिणेच थांबवून 'केवळ चांगल्या बातम्या' द्याव्यात, अशी सूचना केली. त्या पत्रांना उत्तर द्यावे आणि त्यांत जी तक्रार यायला हवी होती पण आली नाही ती मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायची झाल्यास माझ्या आठवणींना लावावी, आकड्यांना लावू नये.

मी समीक्षक नाही, लेखिकाही नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जे एकपडदा चित्रपटगृह होते, त्याच्या बायकांच्या तिकीट खिडकीवर मी १९९० पासून २०११ साली ते बंद होईपर्यंत बसत होते. बायकांची खिडकी वेगळी असे. जाळीखाली हात जाईल एवढी फट असे आणि त्या फटीतून पैशांबरोबर प्रश्नही आत येत. 'लहान मुलं बघतील असा आहे का?', 'शेवट गोड आहे ना?', 'किती रडवतो?' सिनेमाला निघालेल्या बाईला नेमके काय जाणून घ्यायचे असते, हे मला त्या फटीपाशी जितके कळले तितके पुढे कुठल्याही पुरवणीतून कळले नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' प्रदर्शित झाला आणि आमच्याकडे लागला, तेव्हा वाड्यावस्त्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. त्यांपैकी एकीच्याही तोंडी परीक्षणाचा विषय मी ऐकला नाही, आणि कोणी त्यांना ते वाचून दाखवले असते तरी त्यांनी ते जुमानले नसते. 'श्वास' आमच्याकडे आला तेव्हा मात्र पहिले दोन दिवस मी खिडकीवर माश्या मारत बसले होते. तिसऱ्या दिवशी एक नर्सबाई आल्या. त्यांच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचे कात्रण चार घड्या करून ठेवलेले होते. 'डोळ्यांच्या ऑपरेशनचा म्हणतात, तोच ना हा?' असे विचारून त्यांनी एकच तिकीट घेतले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या आणखी सहा जणींना घेऊन आल्या. पुढे त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेत गेला आणि त्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, हे सारे वर्तमानपत्रांत येऊ लागल्यावर आमच्याकडेही त्याचा पुन्हा खेळ लावावा लागला. पण माझ्या लेखी त्या चित्रपटाची सुरुवात त्या चार घड्यांच्या कागदापासून झाली.

यावरून मला जे समजले ते असे की परीक्षण मोठ्या गर्दीच्या चित्रपटाचे काही वाकडे करू शकत नाही, आणि ज्याचे भिंतीवर पोस्टर लावायलाही पैसे नसतात त्या चित्रपटाचे मात्र ते पुष्कळ भले करू शकते. हे भले करण्याची ताकद कुठून येते? त्या नर्सबाईंचा त्या कात्रणावर विश्वास बसला, कारण तेच वर्तमानपत्र आवडले नाही तर आवडले नाही असे लिहीत असे. मराठी आहे म्हणून प्रत्येक चित्रपटाला साडेतीन तारे द्यायचे ठरवले, तर सहा महिन्यांत वाचक त्या ताऱ्यांकडे पाहणे सोडून देईल, आणि मग खरोखर चांगला पण गरीब चित्रपट येईल तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकायला आपल्या प्रतिनिधीकडे पतच उरलेली नसेल. पडदे मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी भांडण्याची जागा शासन, मल्टिप्लेक्सचे मालक आणि वितरक यांच्या दारात आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ सक्तीचा केला आणि वादानंतर त्या प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस करून टाकली, तेव्हा दुपारी सव्वाबाराच्या खेळाला कोण नोकरदार जाणार, हा प्रश्न आपल्या पत्रलेखकांनी आजच्या इतक्याच त्वेषाने विचारला असता तर बरे झाले असते.

ज्या चित्रपटावरून हा गदारोळ झाला तो मी माझ्या जाऊबाईंबरोबर सांगलीला जाऊन पाहिला. मला तो आपल्या प्रतिनिधीला वाटला त्यापेक्षा बरा वाटला. मी तीन तारे दिले असते. पण उत्तरार्धात कथा तीन वेळा संपते आणि तीन वेळा पुन्हा उठून बसते, हे त्यांचे निरीक्षण मला नाकारता आले नाही, कारण दुसऱ्यांदा संपली तेव्हाच जाऊबाईंनी चपला पायांत घातल्या होत्या. परीक्षण पटले नाही तर का पटले नाही ते लिहावे. अकरा पत्रांपैकी चित्रपटात काय आहे याबद्दल बोलणारी पत्रे फक्त दोन होती, आणि चित्रपट पाहिला असल्याचा उल्लेख चार पत्रांत होता. बाकीच्यांनी परीक्षण वाचून परीक्षणावर लिहिले.

परीक्षण प्रदर्शनानंतर तीन दिवसांनी छापावे, अशीही एक सूचना त्या पत्रांत आली आहे. ती काही नवी नाही. समाजमाध्यमांवरून चित्रपटांची ठरवून बदनामी केली जाते, अशी तक्रार घेऊन केरळमधील एका दिग्दर्शकाने २०२३ साली तिथल्या उच्च न्यायालयात धाव घेतली होती, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायमित्रांनी, म्हणजे न्यायालयाने सल्ल्यासाठी नेमलेल्या वकिलांनी, दिलेल्या अहवालात प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास व्हिडिओ करणाऱ्यांनी संयम पाळावा, अशी शिफारस होती. तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने २०२४ च्या अखेरीस मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिल्या तीन दिवसांची बंदीच मागितली. न्यायालयाने ती अंतरिम पातळीवर दिली नाही. पैसे घेऊन चिखलफेक करणारे असतील तर त्यांच्यावर जरूर खटले भरावेत. पण शुक्रवारी रात्रीचे तिकीट काढणाऱ्या माणसाला सोमवारचे परीक्षण काय कामाचे? तो पावसाळा संपल्यावर छत्री देण्याचा प्रकार होईल.

आता माझी खरी तक्रार. परीक्षणाखाली नाव असते. ते कोणी लिहिले, कोणाला जाब विचारायचा, हे वाचकाला ठाऊक असते, म्हणूनच अकरा पत्रे येऊ शकली. त्याच पुरवणीतील उरलेल्या मजकुराला बहुतेक वेळा नाव नसते. असते ते 'प्रतिनिधी' किंवा 'सूत्रांनी सांगितले' किंवा तेही नाही. आणि मला विचाराल तर वाचकाची दिशाभूल होते ती याच निनावी मजकुरातून. मत चुकले तर ते मत आहे. बातमी चुकली तर ती चूकच असते, मग ती राजकारणाच्या पानावर असो वा मनोरंजनाच्या.

उदाहरणार्थ 'गल्ला'. 'अमुक चित्रपटाने पहिल्याच आठवड्यात जमवला दहा कोटींचा गल्ला' असा मथळा आपल्याकडे महिन्यातून दोनदा तरी असतो. मी एकवीस वर्षे रोज रात्री शेवटचा खेळ सुरू झाला की डीसीआर, म्हणजे रोजच्या कलेक्शनचा तक्ता, भरत होते. स्टॉल किती, बाल्कनी किती, एकूण रक्कम किती, त्यातून कर किती, उरले किती, हे रकाने आजही डोळ्यांसमोर आहेत. चित्रपटाच्या रिळांच्या पेटीबरोबर आलेला वितरकाचा माणूस शेजारी स्टुलावर बसून फाटलेल्या अर्ध्या तिकिटांचा ढीग मोजून माझ्या आकड्याशी ताडून पाहत असे, आणि करमणूक कराचे निरीक्षक कधी येतील याचा नेम नसे. त्या तक्त्यावर एकूण आणि निव्वळ या दोन आकड्यांची गल्लत केली असती तर मालकांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते. आपल्या पुरवणीत ही गल्लत सर्रास होते. मथळ्यातले दहा कोटी हे करासह की कर वगळून, महाराष्ट्रातले की परदेशासह, मोजलेले की निर्मात्याने सांगितलेले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बातमीत नसते.

आकडेमोड साधी आहे. दोनशे रुपयांचे तिकीट घ्या. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्या दोनशेंत साडेतीस रुपये कराचे आणि १६९ रुपये ४९ पैसे चित्रपटगृहाच्या हाती उरणारे. पूर्वी महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि ते दिवस गेले. आता उरलेल्या १६९ रुपयांत वाटेकरी येतात. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाट्यावरून दोन महिने संप चालला, त्यानंतर जो करार झाला त्यात निर्मात्या-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा उतरता ठरला. मराठीत चित्रपटागणिक अटी निराळ्या असू शकतात, पण मोठ्यांना मिळते तेच प्रमाण धरले तरी दोनशेच्या तिकिटातून पहिल्या आठवड्यात पंच्याऐंशी रुपयांच्या आत रक्कम येते. म्हणजे दहा कोटींच्या गल्ल्यातून सव्वाचार कोटी. त्यातून जाहिरातीचा, पोस्टरचा, वितरकाच्या कमिशनचा खर्च वजा करायचा, आणि चित्रपट बनवायला लागलेले पैसे तर अजून मोजलेलेच नाहीत. पाच कोटींत बनलेल्या चित्रपटाने 'दुप्पट कमावले' असे आपण छापता तेव्हा तो बिचारा निर्माता चित्रपटगृहांच्या हिशेबात तोट्यात असू शकतो. आणि मग तोच निर्माता पुढच्या चित्रपटासाठी पैसे मिळत नाहीत म्हणतो, तेव्हा वाचकाला वाटते की हा रडतो कशाला, याच्याकडे तर दहा कोटी आहेत. 'सैराट' २०१६ साली शंभर कोटींच्या पुढे गेला, तेव्हापासून तर प्रत्येक चित्रपटाला त्या फूटपट्टीने मोजण्याची खोड लागली आहे. हा एक आकडा नीट सांगायला आपल्या प्रतिनिधीला बातमीत चार शब्द जास्त लागतील.

गल्ल्याच्या चुकीने निदान कोणाच्या घरात रडारड होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात अत्यवस्थ होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी कोणीतरी दिली, ती पाहून दुसऱ्याने दिली, नामवंतांनी श्रद्धांजल्या वाहिल्या आणि त्या श्रद्धांजल्यांच्या आधाराने बातमी अधिकच पक्की झाली. दुसऱ्या दिवशी कुटुंबीयांना सांगावे लागले की ते हयात आहेत, उपचार सुरू आहेत. त्यांचे निधन २६ नोव्हेंबरला झाले. मधले दिवस त्या कुटुंबाने रुग्णालयात, फोनवर सांत्वन करणाऱ्यांना 'अजून नाही' असे सांगत काढले असतील, हे मनात आले की आजही कसेसे होते. यातून धडा घेतला गेला म्हणावे, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच घडले : ११ तारखेला निधनाची बातमी, हेमा मालिनी यांचा संतप्त खुलासा, आणि प्रत्यक्षात ते गेले २४ तारखेला. मोठमोठ्या माध्यमसंस्था यात होत्या, त्यामुळे हा एखाद्या नवख्या वार्ताहराचा दोष म्हणता येणार नाही. घाई हेच इथे कामाचे स्वरूप होऊन बसले आहे. आमच्या गावात कोणी गेले तर रिक्षावर भोंगा लावून सांगतात, पण रिक्षावालाही आधी घरी जाऊन विचारतो.

या दोन्ही वेळी आपल्या वर्तमानपत्राच्या छापील अंकात चूक झाली नव्हती, हे मी नोंदवते, कारण छापायला रात्रीची वेळ असते आणि तोवर खुलासा आलेला असतो. पण आपल्या मोबाइलवरच्या आवृत्तीचा संदेश माझ्या नातीच्या फोनवर आला होता. नंतर तो मजकूर काढून टाकला गेला. काढून टाकला, दुरुस्त केला नाही. या दोहोंत फरक आहे. दुरुस्ती केली असती तर कोणीतरी 'आमचे चुकले' असे म्हटले असते. काढून टाकल्यावर ती चूक माझ्या नातीच्या फोनवर राहिली आणि आपल्याकडे मात्र घडलीच नाही.

मुलाखतींबद्दल फार लिहीत नाही. 'ही भूमिका माझ्यासाठी आव्हानात्मक होती' आणि 'सेटवर आम्ही एका कुटुंबासारखे होतो' ही दोन वाक्ये एकाच आठवड्यात आपल्या आणि अन्य दोन वर्तमानपत्रांत, एकाच अभिनेत्रीच्या तोंडी, स्वल्पविरामासह सारखी आली, तेव्हा ती कोणी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे नव्हती, प्रसिद्धिपत्रकातील ओळी होत्या, हे समजायला विशेष बुद्धी लागत नाही. प्रसिद्धिपत्रक छापू नये असे माझे म्हणणे नाही. आमच्या मालकांनीही खेळांच्या वेळांची चिठ्ठी वर्तमानपत्राकडे पाठवलेली असे. फक्त ते प्रसिद्धिपत्रक आहे असे लिहावे. इन्स्टाग्रामवर साबण दाखवणाऱ्या मुलीलासुद्धा पैसे घेतले असतील तर 'जाहिरात' असे लिहावे लागते, तसा दंडक जाहिरात क्षेत्राच्या नियामक संस्थेने २०२१ पासून घातला आहे. शतकी परंपरा सांगणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्या मुलीपेक्षा कमी सांगावे, हे बरे दिसत नाही.

दूरचित्रवाणीची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि इथे मला वाचकांपेक्षा आपल्याशीच अधिक भांडायचे आहे. महाराष्ट्रातील घराघरांत चित्रपट महिन्यातून एखादा पाहिला जातो, मालिका रोज संध्याकाळी सात ते साडेदहा चालू असतात. तरीही आपल्या पुरवणीत चित्रपटाचे परीक्षण असते आणि मालिकेचे नसते. मालिकेच्या वाट्याला येतात दोन गोष्टी : पुढच्या भागात काय घडणार याची बातमी, जी वाहिनीनेच पुरवलेली असते, आणि टीआरपीचा तक्ता. मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून जिची आठवण निघते, त्या १९९७ सालच्या 'दामिनी'ची नायिका पत्रकार होती. त्या दामिनीला आजच्या पुरवणीत बसवले असते तर तिने काय केले असते, असा प्रश्न मला गमतीने पडतो. कोणत्या मालिकेने कोणाला 'धोबीपछाड' दिला एवढेच लिहून ती घरी गेली नसती.

टीआरपीचा तक्ता छापावा, पण तो काय आहे हे सांगावे. ठरावीक घरांतील दूरचित्रवाणी संचांना मापक यंत्र लावलेले असते आणि त्या घरांवरून साऱ्या राज्याचा अंदाज बांधला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास जाहीर केला, तेव्हा देशभरात अशी सुमारे ४४ हजार घरे आणि मुंबईत जेमतेम दोन हजार असल्याचे बातम्यांत आले. वृत्तवाहिन्यांचे आकडे त्यानंतर थांबवण्यात आले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मनोरंजन वाहिन्यांचे मात्र चालूच राहिले. नमुन्यावरून काढलेल्या अंदाजात ६.७ आणि ६.५ यांच्यातील फरक किती अर्थपूर्ण आहे, याचा विचार न करता 'अमुक मालिकेला मोठा धक्का' असे लिहिले जाते, आणि त्या धक्क्याच्या बातम्यांनी घाबरून मालिकेत आणखी एक अपहरण, आणखी एक स्मृतिभ्रंश, आणखी सात वर्षांचे लीप घातले जाते. बायकांना हेच आवडते, असे वर आम्हालाच ऐकवले जाते. मी रोज त्या बायकांमध्ये बसते. त्या स्मृतिभ्रंशाला हसतात.

मालिकांमागे जे खरे घडते ते बातमी होण्याच्या योग्यतेचे आहे, हे आपल्या प्रतिनिधीनेच एकदा दाखवून दिले होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात चित्रीकरण बंद झाले, तेव्हा मराठी मालिकांची युनिट्स गोव्याला आणि अन्य राज्यांत गेली आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. त्या काळात रोजंदारीवरच्या लाइटमन आणि स्पॉटदादांचे काय झाले, यावर आपण चांगला अर्धा रकाना दिला होता. तो मी कापून ठेवला आहे. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान करोनाची लागण झाली आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ तारखेला निधन झाले. शासनाच्या ३० मे २०२० च्या नियमावलीत ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर मनाई होती. ती अट पोटापाण्याच्या हक्कावर गदा आणते म्हणून एका ज्येष्ठ कलाकाराने दाद मागितल्यावर ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. वृद्ध कलाकाराने काम केले नाही तर खायचे काय आणि केले तर सुरक्षिततेची हमी कोणाची, हा केवढा मोठा प्रश्न त्या दीड महिन्यात उभा राहिला होता. माझ्या आठवणीत तो दोन दिवस छापला गेला. तिसऱ्या दिवशी त्या जागी कोणाच्या तरी साखरपुड्याची छायाचित्रे होती.

सारांश, माझे आपल्या प्रतिनिधीशी भांडण आहे ते त्यांनी निर्दय व्हावे किंवा दयाळू व्हावे म्हणून नाही. त्या परीक्षण लिहिताना जेवढ्या सावध असतात तेवढ्याच उरलेल्या पानावरही असाव्यात, आणि त्यासाठी त्यांना वेळ व जागा देणे आपल्या हाती आहे. चित्रपट खास खेळाला पाहिला की तिकीट काढून, गल्ल्याचा आकडा कोणी दिला, मुलाखत समोर बसून घेतली की ई-मेलवर आली, हे एकेका ओळीत लिहिता येते. पत्रलेखकांनीही ताऱ्यांवर शाई कमी खर्च करून या ओळी मागाव्यात. आणि वाचकांच्या पत्रांना त्या प्रतिनिधीचे उत्तर महिन्यातून एकदा तरी छापून यावे. अकरा जणांनी अंगावर धावून जायचे आणि जिच्यावर धावून गेले तिने गप्प बसायचे, हे खिडकीवर बसलेल्या बाईला सोसवत नाही. हाऊसफुल्लचा बोर्ड मी लावत नसे, पण शिव्या मलाच बसत.

जाता जाता एक जुनी बाकी. गेल्या आषाढीला आपण 'संत तुकाराम' या प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटावर सुंदर लेख छापला. विष्णुपंत पागनीसांचे छायाचित्र तर मी देवघराशेजारी लावले आहे. त्या लेखात चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून व्ही. शांताराम यांचे नाव होते. मी त्याच दिवशी पत्र टाकले. आपल्या कार्यालयातून एका मुलाचा अतिशय गोड फोन आला. 'आजी, पुढच्या वेळी लक्षात ठेवू,' असे तो म्हणाला. ज्यांनी कोल्हापुरात प्रभात उभी केली, पुण्याला नेली आणि ज्यांच्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, त्यांची नावे पुढच्या वेळेपर्यंत थांबवू नयेत, असे मला वाटते. आपल्या सोयीसाठी दुरुस्तीचा मजकूर तयार करून देते, त्याच पानावर, कोपऱ्यात, लहान टाइपात छापला तरी चालेल : "आषाढी विशेष लेखात 'संत तुकाराम' या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचे नाव चुकीचे छापले गेले. या चित्रपटाचे दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी केले होते."

आपली,
एक जुनी वाचक, जि. सांगली
(नाव व पत्ता आपल्या दप्तरी आहे.)